दुसऱ्या अंतऱ्यातले घुंगरू

अमरावतीहून अकोल्याला निघालेल्या टेम्पोत योगेश भुयारनं तेच गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं, तेव्हा शेजारी बसलेल्या वर्षालीनं कपाळावर हात मारून घेतला. बडनेरा केव्हाच मागं पडलं होतं, मूर्तिजापूर यायचं होतं आणि एवढ्या सगळ्या वाटेत गाणं एकच. बायकोनं वैतागावं यात नवल काही नाही. नवल हे, की गाडी चालवणाऱ्या योगेशला तो वैताग दिसलाच नाही. त्याचा सगळा जीव त्या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यात, आवाजाच्या पार मागं कुठंतरी किणकिणणाऱ्या घुंगरांत अडकला होता.

'आले,' तो मनाशी म्हणाला. 'आले ना! ऐकू येतात की.' तेवढ्यापुरतं त्याला हायसं वाटलं. रस्त्यावरचे दोन-तीन खड्डे चुकवून होईस्तोवर ते हायसं वाटणं संपलं आणि त्यानं पुन्हा हात पुढं करून गाणं मागं नेलं.

योगेश साउंडवाला. लग्न असो, कीर्तन असो, शाळेचं गॅदरिंग असो की पुढाऱ्याची सभा, अमरावतीत आणि आसपासच्या तालुक्यांत गेली कित्येक वर्षं त्याचे डबे वाजत आले. डबे म्हणजे स्पीकर. या धंद्यात त्यांना कोणी स्पीकर म्हणत नाही. आणि या माणसाला गणपतीच्या मिरवणुकीपासून एक भीती चिकटली होती. त्या दिवशी दुसऱ्याच कोणाच्या तरी राक्षसी डब्यांसमोर तो तासन् तास उभा राहिला, आणि घरी आला तो कानात एक रातकिडा घेऊनच. आज जाईल, उद्या जाईल म्हणून त्यानं वाट पाहिली. रातकिड्यानं मात्र चांगला मुक्काम ठोकला. मग एकदा सकाळी त्यानं पाहिलं, गॅसवरच्या कुकरमधून वाफेचा झोत निघतोय आणि शिट्टीचा पत्ता नाही. आपल्या धंद्यात मुरलेल्या या गृहस्थाला आधी काय वाटावं? कुकर बिघडला. त्यानं बाजारातून नवी शिट्टी आणली. नव्या शिट्टीचीही वाफच दिसली.

तेव्हा कुठं त्याला कळलं, कुकर बरा आहे. कान गेले तर? दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि येऊन उपयोगही नव्हता, कारण दुसऱ्या कशावर त्याचा जीवच नव्हता. डॉक्टरकडं जावं तर तिथं कोणी ओळखीचं भेटायचं. साउंडवाल्याचे कान गेले, ही बातमी राजकमल चौकातून अख्ख्या अमरावतीत पसरायला एक कट चहा पुरे. तेव्हा त्यानं डॉक्टर टाळला, बायकोला सांगणं टाळलं आणि स्वतःची परीक्षा स्वतःच घ्यायला सुरुवात केली. रोज सकाळी घराखालच्या गोडाऊनमध्ये जायचं, दोन डबे जोडायचे आणि 'शेवंतीचा वाफा' लावायचा. तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यामागचे घुंगरू ऐकू आले, की पास. आणि रोज तो पास होत होता. घुंगरू अगदी जागच्या जागी, स्वच्छ ऐकू यायचे. मग कुकरचं काय? मग मोबाइल खिशात थरथरल्याशिवाय वाजल्याचं का कळत नाही? हे प्रश्न पडले, की तो पुन्हा घुंगरांकडं जायचा.

'शेवंतीचा वाफा' ही मैना गावंडे यांच्या आठ गाण्यांची कॅसेट. फार जुनी. वऱ्हाडाबाहेर तिचं नाव कोणाला ठाऊक असायचं कारण नाही. योगेशच्या घरी ती आली तीही चुकून. त्याचे वडील किसनराव चांदूर रेल्वेकडच्या काळ्या जमिनीत, विहिरीलगतच्या तुकड्यात शेवंती लावायचे. स्टेशनजवळच्या दुकानात नाव वाचून त्यांना वाटलं, कॅसेटमध्ये फुलशेतीची माहिती असेल. खत कोणतं घालावं ते ऐकायला सगळ्यांना गोळा करून बसले, आणि निघालं बाईचं गाणं! किसनराव तेव्हा पार चिडले होते. "वापस देऊन येतो," असंही म्हणाले होते. परत द्यायच्या आधी उरलेली बाजू ऐकून घेऊ म्हणाले आणि मग ती परत गेलीच नाही. फुलं तोडताना विहिरीच्या कठड्यावर टेप ठेवून बाप-लेक ती ऐकत राहिले.

पोरपणी योगेशला त्यात नुसत्या चाली ऐकू आल्या. नंतर कधीतरी शब्द कळले. पुढं धंद्यात पडल्यावर तबल्याचा डग्गा ऐकू आला, मग हार्मोनियमवाल्याचा भाता, मग गाणं रेकॉर्ड केलं ती खोली केवढी असेल तेही. एक चांगली कॅसेट वर्षानुवर्षं ऐकत राहावं, तर ती आपली वही उघडून एकदम दाखवत नाही. थोडं थोडं देते. चौथं गाणं त्याला बरीच वर्षं रटाळ वाटायचं, तो ते पुढं पळवायचा. वडील गेले त्या वर्षी पळवायचं राहून गेलं आणि ते पूर्ण ऐकून तो गोडाऊनमध्ये एकटाच ढसाढसा रडला. गाणं तेच होतं, इतकी वर्षं तिथंच थांबलेलं. घुंगरूही त्याला असेच उशिरा सापडले. कॅसेटवरून पेनड्राइव्हवर उतरवताना त्यानं कान देऊन ऐकलं आणि तेव्हापासून ती जागा त्याची लाडकी झाली.

प्रत्येक साउंडवाल्याचं एक ठरलेलं गाणं असतं. नव्या जागी डबे लावले, की आधी ते लावायचं आणि त्यावरून हॉल जोखायचा. बाकीचे धडाधड सिनेमाची गाणी लावतात. योगेश 'शेवंतीचा वाफा' लावायचा आणि पोरं त्याला हसायची. तो म्हणायचा, जे पाठ आहे त्याच्यावरूनच कळते ना बावा, काय बिघडलं ते. या बोलण्यावर त्याचा इतका भरवसा होता, की त्यातच आपण फसू हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

आणि आता खुद्द मैना गावंडे गाणार होत्या. अकोल्याच्या शाळेतून संगीत शिक्षिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. जाहीर गाणं त्यांनी कधीच सोडलेलं. त्यांचा शिष्य अमोल तायडे यानं हट्टानं कार्यक्रम ठरवला आणि साउंडसाठी योगेशला फोन केला. नाही म्हणायला हवं होतं. योगेशनं अमोलचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं आणि त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. वर्षाली म्हणाली, मीही येते. ती बाकीचं काय बोलली ते त्याला नीट ऐकू आलं नाही. त्यानं मान हलवली. हल्ली तो मान फार हलवायचा.

अकोल्याचं सभागृह जुनंच पण नीटनेटकं. हमालांनी डबे उतरवले, स्टेजच्या दोन्ही अंगांना चढवले. योगेशनं घाईघाईनं वायरी जोडल्या. बाराचं ऊन दारातून आत येत होतं, अमोल स्टेजवर झेंडूच्या माळा बांधत होता आणि वर्षाली रिकाम्या खुर्च्यांतल्या एकीवर पाय वर घेऊन बसली होती. योगेशनं पेनड्राइव्ह लावला, तिसरं गाणं सुरू केलं आणि हॉलच्या मधोमध जाऊन डोळे मिटले.

आवाज जरा दबल्यासारखा वाटला खरा, पण पडद्यांचा हॉल आहे, असायचंच. पहिला अंतरा गेला. दुसरा आला. आणि मागून, अगदी आपल्या जागी, घुंगरू. त्यानं डोळे उघडले तेव्हा ते ओले होते.

"अवो," वर्षाली खुर्चीतून उठून त्याच्यापर्यंत आली आणि त्याच्या बाहीला धरून म्हणाली, "आज घुंगरू काहून नाई वाजून राहिले?"

"काय?"

"घुंगरू! दुसऱ्या कडव्यातले."

"वाजले ना आत्ताच."

"कुठी वाजले? नाई वाजले."

"तुहं ध्यान नसंल."

"माह्यं ध्यान?" वर्षालीचा आवाज चढला. "रोज सकाळी गोडाऊनमधून हेच त येते वर. भाजी चिरता चिरता मले अख्खी कॅसेट पाठ झाली. तथी घुंगरू येते, अन् मंग मैनाताई श्वास घेते. आज दोन्हीबी नाई."

योगेशला राग आला. घाबरलेल्या माणसाला तो लवकर येतो. तो तरातरा आवाज कमी-जास्त करायच्या मिक्सरपाशी गेला, गाणं मागं नेलं, बायकोला शेजारी उभं केलं आणि बोट वर करून वाट पाहत राहिला. दुसरा अंतरा आला. "हे पाह्य!" तो ओरडला आणि त्यानं बोटानं हवेत ताल धरला. "हे! हे! ऐकू नाई येत तुले?"

वर्षाली त्याच्या बोटाकडं पाहत होती, मग त्याच्या तोंडाकडं पाहू लागली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून योगेशचं बोट आपोआप खाली आलं.

"दादा," स्टेजवरून अमोल म्हणाला, तेही त्याला दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हणावं लागलं, "ताई गोधडी पांघरून गाऊन राहिली असं वाटते. जरा उघडा ना आवाज."

योगेश स्टेजमागं गेला. तिथं एकावर एक रचलेले ॲम्प्लिफायर होते. खालचे सगळे सुरू होते. सगळ्यात वरचा, जो डब्यांतल्या बारीक, उंच आवाजाच्या भोंग्यांना चालवतो, त्याचा दिवा विझलेला होता. घाईत त्याचं बटणच दाबायचं राहिलं होतं. म्हणजे घुंगरू डब्यांतून बाहेर पडलेच नव्हते. पडणं शक्यच नव्हतं.

आणि त्यानं ते ऐकले होते. दोनदा.

तो तिथंच पत्र्याच्या पेटीवर मटकन बसला. इतके महिने रोज सकाळी तो ज्या परीक्षेत पास होत होता, ती पाठ केलेल्या धड्याची परीक्षा होती. घुंगरू त्याच्या कानांत येत नव्हते, डोक्यात वाजत होते. वर्षानुवर्षं ऐकून ऐकून ते गाणं त्याच्या आत इतकं रुजलं होतं, की कान बंद पडले तरी ते वाजायचं थांबलं नव्हतं. दुसऱ्या कोणाला यात काही सुंदर वाटलं असतं. योगेशला आपल्याच डोक्यानं फसवल्यासारखं वाटलं.

त्यानं हात लांब करून बटण दाबलं. हॉलमधून वर्षालीचा आवाज आला असावा, कारण पडद्याच्या फटीतून तिनं हात वर केलेला दिसला. तिकडं भोंगे सुरू झाले होते, ताईंचे श्वास ऐकू येऊ लागले होते, सगळा हॉल उजळल्यासारखा झाला असेल. योगेशला बटण दाबण्यापूर्वी आणि दाबल्यानंतर काडीचाही फरक कळला नाही. सगळ्यात वाईट होतं ते हेच.

वर्षाली मागं आली. तिनं त्याला मागच्या दारानं बाहेर पायरीवर नेलं, सावलीत बसवलं आणि त्याच्या समोर उभी राहिली.

"केव्हापासून?"

"गनपतीपासून."

"गनपती! आता संक्रांत गेली!" तिनं कमरेवर हात ठेवले. त्याला वाटलं, आता ती डॉक्टरचं विचारेल, धंद्याचं विचारेल. तिनं विचारलं ते वेगळंच. "अन् मले काय वाटलं, माईत हाये तुमाले? मले वाटलं तुमी माह्यावर रागावले. मी हाका मारू, तुमी पायत नाई. काही सांगू, त नुसती मान हालवून चालले खाली गोडाऊनमधी, गानं ऐकाले. मी ओट्याकडं तोंड करून आईचं सांगून राहिली होती, रडून राहिली होती मी, अन् तुमी 'हां' म्हटलं अन् निंघून गेले. तवापासून मी बोलनंच कमी केलं."

योगेशला घरातली शांतता आठवली. ती शांतता तो कानांच्या खात्यावर जमा करत होता. बायकोचं बोलणं बंद झालंय हे त्याला कळलंच नव्हतं, कारण बंद होण्यापूर्वीही ते त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. शंभरदा ऐकलेलं गाणं तो कान टवकारून ऐकत बसला आणि पहिल्यांदाच सांगितलं जाणारं तेवढं हुकलं. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी चारचौघांत वाटावी तशी.

"आईचं काय?" त्यानं विचारलं. वर्षालीची आई पार्बताबाई तिथंच अकोल्यात, मुलाकडं असायची.

वर्षालीनं डोळे पुसले. "आता नाई सांगत. पयले समोरचं निस्तरा. ताई येऊन राहिली अन् तुमी अथी बसले."

"मी नाई लावू शकत आवाज. दुसरा मानूस बोलवा लागंल."

"कोनाले बोलवता आता ऐन वक्ताले? मी हाये बाजूले. तुमचे हात, माह्ये कान. अन् ताईले सांगून टाका. लपवू नका आता कोनापासून."

मैनाताई रिक्षातून उतरल्या त्या काठी टेकत, पण ताठ. योगेशनं ज्या बाईचा श्वासन् श्वास ओळखला होता, तिला तो पहिल्यांदाच पाहत होता. पाया पडायचं सोडून त्यानं आधी सांगून टाकलं, "ताई, माझे कान गेलेत. बारीक आवाज मला ऐकू येत नाहीत. आज आवाज ही सांगेल आणि मी लावीन. तुम्हाला चालत नसेल तर आत्ताच सांगा." त्या नाही म्हणाल्या असत्या तर त्यात त्यांचं काही चुकलं नसतं.

मैनाताईंनी त्याच्याकडं पाहिलं, मग वर्षालीकडं. योगेशला त्यांचे ओठ दिसावेत म्हणून की काय, त्या सावकाश बोलल्या. "हिला गाणं कळतं का?"

"गानं नाई कळत, ताई," वर्षाली म्हणाली. "तुमची कॅसेट कळते."

"ती कॅसेट? मी ती परत कधी ऐकलीच नाही. तिसऱ्या गाण्यात घुंगरूवाला आधी शिरला. मी दचकले आणि मध्येच श्वास घेतला. तसंच ठेवलं त्यांनी. आजही आठवलं की अंगावर काटा येतो."

वर्षाली हसली. "तीच त जागा आमच्या घरी सगळ्यात आवडते."

मैनाताईंना हे खरं वाटेना. त्या म्हणाल्या, "बसा तर मग दोघं. पण एक सांगते. जुनी मी आज दोनच गाणार. बाकी सगळी नवी बांधलेली आहेत, कोणी ऐकलेली नाहीत."

योगेशनं हे ओठांवरून नीट वाचलं. जुन्या गाण्यांत डोकं तरी साथ देईल अशी त्याची मनातल्या मनात आशा होती. नव्यासाठी डोक्यात काहीच नव्हतं.

संध्याकाळी हॉल भरला. ताईंच्या जुन्या विद्यार्थिनी, त्यांची लेकरं, मागं उभे असलेले लोक. मिक्सरवर योगेश आणि त्याला चिकटून वर्षाली. तिनं डावा हात त्याच्या मनगटावर ठेवला होता. चिमटा घेतला की कमी, थोपटलं की जास्त, आणि कोणतं बटण ते ती बोटानं दाखवायची. सुरुवातीला तिनं चिमटे इतके काढले, की मनगट लाल झालं. एकदा शिट्टी मारली डब्यांनी, सगळ्यांनी माना वळवल्या, योगेशच्या कपाळावर घाम आला. शिट्टी त्याला ऐकू आली नव्हती, वळलेल्या माना तेवढ्या दिसल्या होत्या. वर्षालीनं त्याचा हात धरून योग्य त्या बटणावर नेला आणि माना पुन्हा पुढं झाल्या.

जुनं गाणं झालं ते त्याला अथपासून इतिपर्यंत ऐकू आलं, आणि त्यातलं खरं किती हे आता त्याला माहीत नव्हतं. मग नवं सुरू झालं. ताईंचा आवाज येत होता, पण शब्दांच्या कडा झिजून गेल्यासारख्या. 'आ' यायचा, 'ओ' यायचा, मधलं काही नाही. कोणती ओळ आहे, कशाबद्दल आहे, कळेना. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. कशाला लावला? योगेशनं घाबरून सगळा हॉल पाहिला. सगळ्यांना काहीतरी मिळत होतं आणि तो तेवढा दाराबाहेर राहिला होता. हे गाणं तो कितीही वेळा ऐकू दे, ते त्याच्या आत तसं रुजणार नव्हतं. 'शेवंतीचा वाफा' आत होता तो आत होता. यापुढं आत काही जायचं, तर कोणीतरी हात धरून न्यावं लागणार होतं.

त्यानं वर्षालीकडं वाकून विचारलं, "मांगं काही वाजून राहिलं का?"

तिनं त्याचं तोंड आपल्याकडं वळवलं. "टाळ. बारके. लय गोड हायेत."

त्यानं मान हलवायला घेतली होती, ती थांबवली. "कुठी येते ते? दाखव."

वर्षालीनं त्याच्या मनगटावर बोटानं ताल धरला. एक, मग थोडं थांबून दोन जवळजवळ, मग पुन्हा एक. तो ते कातडीवर ऐकत राहिला आणि स्टेजवरच्या पोराचे टाळ धरलेले हात पाहत राहिला. दोन्ही जुळले तेव्हा त्यानं मुकाट्यानं टाळांचा आवाज किंचित वर सरकवला. वर्षालीनं हसून मान डोलावली. पुढच्या रांगेतली बाई अजून पदर धरूनच होती.

मध्यंतर झालं. लोक चहाला बाहेर पडले, दिवे लागले, अमोल धावत येऊन अंगठा उंचावून गेला. योगेशचा शर्ट पाठीवर भिजला होता. रातकिडा कानात किरकिरतच होता. उद्या अमरावतीत कानाच्या डॉक्टरकडं जायचं होतं आणि तो काय सांगेल त्याची भीती दुपारपेक्षा जास्तच होती. तरीही त्यानं आपली खुर्ची मिक्सरकडून फिरवली आणि बायकोच्या समोर आणून ठेवली, गुडघ्याला गुडघे लागतील एवढी जवळ.

"आईचं सांग," तो म्हणाला. "ओट्यापाशी सांगत होती ते."

"आता? ताई येईल ना परत स्टेजवर."

"येऊ दे. सांग."

वर्षालीनं इकडंतिकडं पाहिलं, मग खाली मान घालून बोलायला लागली. योगेशनं तिची हनुवटी धरून वर केली. "माह्याकडं पाहून."

"आई मले ओळखत नाई आता," ती म्हणाली. "मागच्या खेपेले गेली त मले म्हने, बाई, तू कोनाची?"

त्याला 'आई' कळलं, 'नाई' कळलं. तिचे ओठ थरथरत होते, त्यामुळं पुढचं वाचता येईना. त्यानं हां म्हटलं नाही.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "नाई समजलं मले."

वर्षालीचे डोळे भरून आले आणि ती चिडलीही, दोन्ही एकदमच. "अन् मले दहा खेपा सांगा लागलं तं?"

"तं दहा खेपा सांग," योगेश म्हणाला.